उजव्या बाजूची खिडकी

दोन लाख चौदा हजार तीनशे सहा.
आकडा खरा आहे, मिस्किटा म्हणाले,
मीटरला कुणाचा हात लागलेला नाही.

कलिना गावठाणात, क्रुसाच्या जरा अलीकडे,
राखाडी वॅगन आर, बारा वर्षांची,
काचेवर शेवग्याची पिवळी पानं.
जमीलने बॉनेट उघडून दांडी ओढली,
तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं,
आई दुकानात तूप हुंगायची तसं,
घेणार नसली तरी.
"चलेगी," तो म्हणाला. "कितना चलेगी, वो मत पूछो."

श्रीनिवास मोबाईलवर भागाकार करत होता.
एक लाख दहा हजार भागिले उरलेली वर्षं,
अधिक क्लच, अधिक चार टायर,
वजा अप्पांच्या फिजिओथेरपीच्या रिक्षा,
आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन,
आणि रिक्षात त्यांचा डावा पाय उचलून ठेवणारा
वॉचमन, त्याचे वीस रुपये.
उत्तर दर वेळी वेगळं येत होतं.

मी चावी फिरवली.
मला ऐकण्याचा पगार मिळतो.
पालिकेच्या इस्पितळात, जाड दाराच्या खोलीत,
एकोणीस वर्षं मी तेच वाक्य म्हणतेय:
आवाज आला की बोट वर करा.
काही जण आवाज न येताच बोट वर करतात,
शरमेने.
अशांची चाचणी मी पुन्हा घेते, काही न बोलता.

इंजिनाच्या गुरगुरीखाली
एक बारीक टिकटिक होती,
कुणी स्टीलच्या डब्यावर नख वाजवावं तशी.
जमीलने भुवई उचलली. म्हणजे होतीच.
"हा आवाज कसला?"
"कसला आवाज?" मिस्किटा म्हणाले.
"एकदम शांत गाडी आहे. पहिल्यापासून."

श्रीनिवासच्या नजरेत लिहिलं होतं: लबाड.

पण माझं लक्ष त्यांच्या मानेकडे.
मी बोलले की ती वळत होती,
डावा खांदा पुढे, डावा कान पुढे.
तेवीस वर्षं औषधांची बॅग घेऊन
जव्हार, सिन्नर, नाशिक, परत कलिना,
आधी एक जुनी मारुती, मग ही,
आणि एसीचं पेट्रोल कंपनी मंजूर करत नसे
म्हणून उजवी काच कायम खाली.
उजवा कान वाऱ्याला दिलेला, ट्रकच्या हॉर्नला दिलेला.

खोटं नव्हते बोलत.
गाडी हळूहळू वाजायला लागली
आणि हे हळूहळू ऐकेनासे झाले,
दोघांचं जमून गेलं होतं.

श्रीनिवास मागून बोटांनी खुणावत होता:
टिकटिक आहे ना, मग वीस हजार कमी कर.
बरोबरच होतं त्याचं. जमीलही म्हणाला असता.
मी इंजिन बंद केलं,
वळसा घालून मिस्किटांच्या डावीकडे गेले.
"का विकताय?"
"मुलगी म्हणते, विका."
रुमालाने त्यांनी आरसा पुसला, आधीच स्वच्छ होता.
"मागच्या महिन्यात वाकोल्याला, पुलाखाली,
मागे ॲम्ब्युलन्स होती म्हणे, बराच वेळ.
मला दिसलीच नाही."

दिसली नाही, म्हणाले.

पर्समधून ओपीडीचा कागद काढला,
मागे लिहिलं: मंगळवार, साडेनऊ, खोली चौदा.
त्यांनी तो लांब धरून वाचला.
"आणि गाडीचं?"
"गाडीचं नंतर."
"पंच्याण्णव," ते म्हणाले,
जसं काही मी भावच विचारला होता.

परतताना सांताक्रुझपर्यंत श्रीनिवास गप्प,
मग म्हणाला, तू नक्की काय तपासायला आली होतीस?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पंच्याण्णव भागिले काय, तेही ठरेना.
आणि घराच्या जिन्यात आठवलं
की मागचं दार पुरतं उघडतं का,
अप्पांचा पाय त्यातून आत जाईल का,
एवढं एकच बघायला गेलो होतो,
ते राहिलं.